शिलावर्तुळांतली माणसं आली कुठून?

कर्नल मेडोज टेलर मराठी वाचकाला ठाऊक असतो तो ठगावरच्या कादंबरीमुळे, नाहीतर नळदुर्गच्या मुक्कामामुळे. त्याचं दुसरं वेड फारसं कुणाला माहीत नसतं. सुरपूर संस्थानाचा कारभार पाहताना त्यानं तिथल्या माळरानांवरची दगडी वर्तुळं मोजली, त्यांखालची थडगी उकरली, बारकाईनं चित्रं काढली. पुढे १८६० च्या दशकात रॉयल आयरिश अकॅडमीनं त्याचा जो निबंध छापला, त्याच्या मथळ्यातच दख्खनच्या या थडग्यांना ‘केल्टिक, ड्रुइडिक किंवा सिथियन’ म्हटलेलं होतं. आयर्लंड-ब्रिटनमधली दगडी वर्तुळं आणि ही वर्तुळं दिसायला सारखी, म्हणून बांधणारे लोकही एकाच कुळातले असावेत, असा त्याचा तर्क. हाच टेलर १८५७ च्या धामधुमीत वऱ्हाडात नेमणुकीवर होता. तेव्हा वऱ्हाड-विदर्भाच्या मातीत युरोपातल्या केल्ट लोकांचा शोध घेण्याचा उद्योग काही आजचा नाही, दीडशे वर्षांहून जुना आहे.

टेलर एकटा नव्हता. नागपूरचे मिशनरी आणि भूगर्भशास्त्रज्ञ स्टीफन हिस्लॉप यांनाही या वर्तुळांनी झपाटलं होतं. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची वर्तुळं पाहून रात्री घोड्यावरून परतताना, पावसानं फुगलेल्या नाल्यात ते बुडून गेले. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात शिकलेल्या किती जणांना हे माहीत असेल, देव जाणे. त्यानंतर चार वर्षांनी, १८६७ मध्ये, रिव्हेट-कारनॅक या अधिकाऱ्यानं नागपूरजवळच्या जुनापाणीची वर्तुळं खणली. तिथल्या काही दगडांवर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत. ते स्कॉटलंडमधल्या खळग्यांसारखे दिसतात, यावर त्यानं बरंच लिहिलं आणि सापडलेल्या वस्तू लंडनला रवाना केल्या.

आज पाहिलं तर टेलरचा तर्क दोन्ही टोकांनी तुटतो. युरोपातली स्टोनहेंजसारखी वर्तुळं इसवी सनापूर्वी तीन हजार ते अडीच हजारच्या सुमाराची. केल्ट म्हणून ज्यांना ओळखतात ते लोक त्यानंतर दीड-दोन हजार वर्षांनी इतिहासात येतात. ड्रुइडांनी, म्हणजे केल्टांच्या पुरोहितांनी, स्टोनहेंज बांधलं नाही, तर नागपूरचं जुनापाणी कुठून बांधणार! आणि विदर्भातली वर्तुळं आहेत लोहयुगातली, साधारण इ. स. पू. १००० ते ३०० च्या दरम्यानची. गंमत अशी की खरे केल्ट, म्हणजे ऑस्ट्रिया-दक्षिण जर्मनीतले हालश्टाट काळातले लोक, नेमके याच काळातले. तिकडे सरदाराला घोड्याचा साज, लोखंड आणि सोनं देऊन ढिगाऱ्याखाली पुरत होते, त्याच शतकांत इकडे नागपूरजवळच्या माहुरझरीला घोड्याला तांब्याच्या पत्र्याचा मुखवटा चढवून धन्याबरोबर पुरत होते. दोघांत नातं काही नाही, आहे ती समकालीनता. पण एक प्रश्न दोघांनाही सारखाच विचारला गेला: हे लोक बाहेरून आले, की इथलेच होते?

विदर्भापुरतं बोलायचं तर हा प्रश्न आजवर वस्तूंना विचारला गेला, माणसांना नाही. शां. भा. देव यांनी साठ-सत्तरच्या दशकांत टाकळघाट-खापा, माहुरझरी, नैकुंड ही ठिकाणं खणली, तेव्हा लोखंडाच्या कुऱ्हाडी, सुऱ्या, घोड्यांचे लगाम, तांब्याची भांडी, अकीक-कार्नेलियनचे मणी, काळी-तांबडी खापरं निघाली. नैकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. यावरून तर्क लढवले गेले. फ्यूरर-हायमेंडॉर्फ यांच्या मते हे बृहदश्मवाले, म्हणजे मोठ्या दगडांची थडगी बांधणारे, लोक बाहेरून आले आणि द्राविडी भाषा त्यांनीच दक्षिणेत आणल्या. लॉरेन्स लेश्निक यांना घोड्याच्या साजात इराण-मध्य आशियाकडून आलेले भटके पशुपालक दिसले. पण लगाम प्रवास करतो, याचा अर्थ लगाम धरणारा आला असा होत नाही. अमरावतीच्या बाजारात जपानी बनावटीचं घड्याळ मिळतं म्हणून जवाहर रोडवर जपानी वस्ती आहे असं कुणी म्हणत नाही.

माणसाला विचारायचं म्हणजे हाडाला विचारायचं. ती विद्या आपल्याकडे आली ती मात्र वाईट संगतीतून. रिसले साहेबानं नाकाची लांबी-रुंदी मोजून जाती लावल्या. १९३१ च्या जनगणनेसोबत बी. एस. गुहांनी भारतीयांचे वंशगट पाडले. कवटी लांब की गोल यावर माणूस आर्य की अनार्य ठरू लागला. याच विद्येच्या गाभ्यात, बर्लिनमध्ये, पुण्याहून गेलेली एक तरुणी १९२० च्या दशकाच्या अखेरीस कवट्या मोजत बसली होती. ती म्हणजे इरावती कर्वे. मार्गदर्शक ऑयगेन फिशर, म्हणजे वंशश्रेष्ठतेच्या सिद्धांताचा म्होरक्या. युरोपियनांच्या कवटीची ठेवण वरचढ मेंदूची साक्ष देते, असा काहीतरी निष्कर्ष त्याला हवा असणार. इरावतीबाईंनी कवटीच्या उजव्या-डाव्या बाजूंतली असमानता मोजली आणि वंशानुसार तसा काही फरक दिसत नाही, असं लिहून दिलं. हे लिहायला धैर्य लागतं. त्यांचं ‘युगान्त’ आपण डोक्यावर घेतो, त्या प्रबंधाबद्दल मात्र मराठीत कितीसं लिहिलं गेलं?

परत आल्यावर काही वर्षांनी बाई डेक्कन कॉलेजात रुजू झाल्या. हसमुख सांकलियांबरोबर गुजरातेतल्या लांघणजला जाऊन त्यांनी मध्याश्मयुगीन सांगाडे पाहिले आणि वि. म. दांडेकरांबरोबर महाराष्ट्रातल्या जिवंत माणसांची मापं घेतली. त्या कामाचं पुस्तक १९५१ चं. मापांचा उपयोग मर्यादित, हे त्यांनाही कळत होतं. कवटीचा आकार आहारानं बदलतो, हवामानानं बदलतो, दोन-चार पिढ्यांतही बदलतो. पुढे केनेथ केनेडी या अमेरिकी शास्त्रज्ञानं भारतीय उपखंडातले सांगाडे आयुष्यभर तपासले आणि प्राचीन हाडांत ‘आर्य’ म्हणून वेगळा दाखवता येईल असा शारीरिक नमुना नाही, हे सडेतोड मांडलं. इथवर हाडांनी एकच काम चोख केलं होतं: खोटे दावे खोडायचं. वंशावळ सांगणं त्यांना अजून जमत नव्हतं.

वंशावळीशिवाय हाडं आणखी काय सांगतात, ते पाहायला इनामगावाशी थोडं थांबायला हवं. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या या ताम्रपाषाणयुगीन गावाचं उत्खनन डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षं केलं. म. के. ढवळीकर, सांकलिया, झै. दा. अन्सारी ही मंडळी त्यात होती. घराच्या जमिनीखाली, अंगणात माणसं पुरलेली. लहान मूल गेलं की दोन मातीचे रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे आणि त्यात ते मूल. मोठ्या माणसाला खड्ड्यात सरळ निजवायचं, डोकं उत्तरेला, आणि घोट्याखालची पावलं कापलेली. मेलेला उठून कुठं जाऊ नये म्हणून, असा अंदाज बांधला गेला. एक थडगं मात्र वेगळं. पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांचा, पोटाशी फुगीर असा कच्च्या मातीचा रांजण, आत बसलेल्या अवस्थेत चाळिशीचा पुरुष, पावलं शाबूत. गावचा प्रमुख असावा. सामान्य माणसाचे पाय कापायचे आणि कारभाऱ्याचे राखायचे, ही रीत तीन हजार वर्षांपूर्वीही होती म्हणायची.

या सांगाड्यांवर सुभाष वाळिंबे आणि जॉन लुकाच यांनी केलेलं काम १९८६ साली पुस्तकरूपानं आलं. नंतर ग्वेन रॉबिन्स शुग यांनी तिथल्या बालकांच्या हाडांतून उपासमार आणि खुंटलेली वाढ वाचली. इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला जोर्वे म्हणतात; तिच्या उत्तर काळात, म्हणजे इ. स. पू. १००० नंतर, गावाला वाईट दिवस आले होते, हे त्या इवल्या हाडांत उतरलं आहे. हे स्थलांतराचं उत्तर नव्हे. पण माणसं गाव का सोडतात, त्याचं आहे.

जोर्वे संस्कृतीचा पूर्वेकडचा मागही आपल्या दाराशी पोहोचतो. अमरावती जिल्ह्यात चांदूरबाजार तालुक्यातल्या तुळजापूर गढीला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बोपर्डीकरांनी १९८४-८५ मध्ये उत्खनन केलं, तिथं ताम्रपाषाणयुगीन वस्ती निघाली. त्याच तालुक्यात पूर्णेकाठच्या फुपगावला सर्वेक्षणाच्या नागपूर शाखेनं २०१८-१९ मध्ये खणलं, तर लोहयुगातली गोल घरं, चुली, मणी मिळाले. काळ इ. स. पू. सातवं ते चौथं शतक. शिलावर्तुळांची दाटी मात्र नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूरकडे. म्हणजे अमरावती जिल्हा पश्चिमेची जोर्वे परंपरा आणि पूर्वेची वर्तुळं यांच्या सांध्यावर आहे. रुक्मिणीचं माहेर म्हणून आपण ज्या कौंडण्यपूरला जातो, तिथंही मो. गं. दीक्षितांनी साठच्या दशकात खणून लोहयुगापर्यंतचे थर दाखवले होते. सांध्यावरच्या प्रदेशातली हाडं सगळ्यात जास्त बोलकी असतात, आणि नेमकी तीच आपण तपासलेली नाहीत.

आता जनुकांकडे. गेल्या पंधरा-वीस वर्षांत हाडातून डीएनए काढण्याची रीत बदलली. कानाच्या आतल्या भागाभोवतीचं, कवटीच्या तळाचं हाड शरीरात सगळ्यात घट्ट. त्यात डीएनए टिकतो. त्याचे तुकडे वाचून जिवंत आणि मृत माणसांशी ताडून पाहायचे. उष्ण, दमट मातीत मात्र डीएनए झरझर कुजतो, म्हणून युरोपात हजारो जुने जनुकसंच वाचून झाले आणि आपल्याकडे बोटांवर मोजण्याइतके. हरियाणातल्या राखीगढीचं उदाहरण घ्या. डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या चमूनं साठहून अधिक नमुने तपासले, वाचता येण्याजोगा डीएनए मिळाला एकाच स्त्रीचा. सप्टेंबर २०१९ मध्ये तो शोधनिबंध आला: या हडप्पाकालीन स्त्रीत मध्य आशियाई गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश नाही. त्याच सुमारास ५२३ प्राचीन माणसांचा दुसरा मोठा निबंध आला. त्यात इ. स. पू. २००० नंतर तो अंश दक्षिण आशियात शिरल्याचं दाखवलं होतं. काही लेखक दोन्ही निबंधांत तेच, आणि निष्कर्ष एकमेकांना पूरक. वाहिन्यांवर मात्र निम्म्यांनी ‘आर्य आलेच नाहीत’ अशी आरोळी ठोकली आणि निम्म्यांनी ‘आर्य आले’ अशी. मेली ती एकटी बाई, भांडले सगळे.

वऱ्हाडाच्या दृष्टीनं याहून महत्त्वाचा निबंध २०१३ चा आहे. प्रिया मूरजानी आणि सहकाऱ्यांनी आजच्या भारतीयांच्या जनुकांवरून काढलं की उत्तरेकडचा आणि दक्षिणेकडचा असे दोन पूर्वज-प्रवाह साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी सर्रास मिसळत होते, आणि नंतर जातीतल्या जातीत लग्नं पक्की होऊन ती मिसळण थांबली. विदर्भातली वर्तुळं या कालखंडाच्या उत्तरार्धात पडतात. माहुरझरीचा घोडेस्वार आणि त्याच्या शेजारच्या वर्तुळातली बाई सगे होते की परके, एकाच गोताचे होते की नाही, मिसळण खरंच चालू होती का, हे सांगू शकतील अशी हाडं याच पट्ट्यात आहेत. त्यांतल्या एकाही माणसाचा संपूर्ण जनुकसंच अजून प्रसिद्ध झालेला नाही.

थोड्या हाडांवर मोठा दावा केला की काय होतं, ते रूपकुंडात दिसलं. उत्तराखंडात पाच हजार मीटर उंचीवरचं ते तळं, भोवती शेकडो सांगाडे. २००४ च्या मोहिमेत वाळिंबे आणि डेक्कन कॉलेजचे प्रमोद जोगळेकर होते. डोक्यावरच्या जखमांवरून गारपिटीत मेलेले यात्रेकरू, काळ नववं शतक, असं ठरलं. काही नमुन्यांचं मातृवंशीय लक्षण फक्त कोकणस्थ ब्राह्मणांत मिळतं, असंही वर्तमानपत्रांत आलं आणि पुण्यात चर्चेला ऊत आला. २०१९ मध्ये ३८ सांगाड्यांचे जनुकसंच वाचले तेव्हा चित्रच पालटलं. २३ जण दक्षिण आशियाई, तेही एका जातीचे वा गावचे नव्हेत, भारतभरच्या वेगवेगळ्या कुळांचे आणि एकाच वेळी मेलेलेही नव्हेत. १४ जण पूर्व भूमध्य सागराकडचे, ग्रीस-क्रीटच्या लोकांशी जुळणारे, तेही इ. स. १८०० च्या सुमाराचे! एक आग्नेय आशियातला. ग्रीसकडची माणसं तिथं काय करत होती, हे कुठल्याही दफ्तरात नाही. कोकणस्थांचा मात्र तिथून निकाल लागला.

थोड्या हाडांतून नेमकं उत्तरही मिळतं, प्रश्न नेमका असला तर. जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टीन चर्चच्या अवशेषांत २००४ मध्ये हाताचं एक हाड मिळालं. १६२४ साली इराणात शिराजला हौतात्म्य आलेल्या जॉर्जियाच्या केतेवान राणीचे अवशेष तिथं आणल्याची नोंद पोर्तुगीज कागदांत होती. हैदराबादच्या सीसीएमबी या प्रयोगशाळेनं ते तपासलं, मातृवंश यू-१-बी निघाला. हजारो भारतीय नमुन्यांत तो नाही, जॉर्जियाकडे मिळतो. शेजारी मिळालेली दुसरी दोन हाडं मात्र भारतीय वंशाची निघाली. २०२१ मध्ये राणीचे अवशेष सन्मानानं जॉर्जियाला गेले. गुजरातेतल्या संजाणच्या दोखम्यातल्या, म्हणजे मृतदेह ठेवण्याच्या बुरुजातल्या, २१ पारशी अवशेषांचं काम २०१७ मध्ये आलं. त्यांच्यात मातृवंश जवळजवळ निम्मे दक्षिण आशियाई निघाले. म्हणजे पारशी किनाऱ्याला लागल्यावर पहिल्या काही पिढ्यांतच इथल्या मुली घरात आल्या होत्या. पारशांच्या आगमनाची कथा असलेला किस्सा-ए-संजाण जे सांगत नाही, ते दातांनी सांगितलं.

आणि केल्ट? त्यांची कथा तर आपल्याकडच्या कुणालाही रमवील अशी निघाली. जर्मनीतल्या होखडोर्फचा सरदार इ. स. पू. ५३० च्या सुमाराचा, सोन्यानं मढवलेले जोडे घालून ब्राँझच्या पलंगावर निजवलेला. २०२४ च्या निबंधानं दाखवलं की तो आणि दहा किलोमीटरवरच्या आस्पेर्गच्या ढिगाऱ्यातला सरदार हे बहुधा मामा-भाचे. सत्ता बहिणीच्या वंशातून चालत असावी. २०२२ मध्ये ७९३ जणांच्या अभ्यासानं सांगितलं की ब्रिटनमध्ये इ. स. पू. १००० च्या आसपास फ्रान्सकडून मोठ्या संख्येनं माणसं आली, आणि लोहयुगातल्या इंग्लंड-वेल्समधल्या लोकांचा जवळपास निम्मा वारसा त्यांचा. केल्टिक भाषा त्याच वेळी पोहोचली असावी. २०२५ मध्ये डॉर्सेटच्या दफनभूमीत तर घरजावयांचं गाव निघालं: बायका पिढ्यान्‌पिढ्या एकाच मातृवंशाच्या, नवरे बाहेरून आलेले. रोमन लेखक ब्रिटनच्या बायकांच्या मोकळेपणावर नाकं मुरडत, ते उगाच नव्हतं. टेलरला हवं होतं एक कूळ, एक वंश, एक स्थलांतर. हाडांनी दिली सासर-माहेरची गोष्ट.

माझ्या मते विदर्भात विचारण्याजोगा प्रश्नही हाच आहे. ‘मूळचे कोण’ हा नव्हे. त्याला उत्तर नाही आणि असलं तरी निवडणुकीच्या पलीकडे त्याचा उपयोग नाही. आमच्या अमरावतीच्या राजापेठेत घरटी विचारा: कुणाचे पूर्वज मारवाडातून आले, कुणाचे फाळणीनंतर सिंधमधून, कुणाचे तेलंगणातून, कुणी अंजनगाव-दर्यापूरकडचं. हल्ली लाळेचा नमुना पाठवून टक्केवारी मागवणारेही भेटतात. तो अहवाल आजच्या माणसांची आजच्या माणसांशी तुलना करतो. तुमचा खापरपणजा कुठल्या गावी राहत होता, ते त्यातून कळत नाही. वर्तुळांतल्या माणसांबद्दल कळण्याजोगं वेगळंच आहे: कोण कुठं जन्मलं, कुठं नांदलं, कुणाशेजारी पुरलं गेलं.

त्यासाठी डीएनएसुद्धा नेहमी लागत नाही. दाताचं इनॅमल लहानपणी तयार होतं आणि मग आयुष्यभर बदलत नाही. त्यातल्या स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांचं प्रमाण, ज्या जमिनीतलं अन्नपाणी त्या वयात पोटात गेलं, तिच्या खडकाशी जुळतं. इथं निसर्गानं विदर्भावर मेहेरबानी केली आहे. अकोला-अमरावतीखाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा काळा बेसाल्ट, त्यात हे प्रमाण कमी. नागपूरच्या पूर्वेला कितीतरी जुना नाइस खडक, तिथं ते जास्त. दोन्हींची सीमा नागपूरजवळच. वर्ध्याकाठची मुलगी वैनगंगेकाठी नांदायला गेली असेल, तर तिच्या दाढेत ते मिळायला हवं. आधी प्रदेशाचा नकाशा करावा लागेल, विहिरींचं पाणी, गवत, शेळ्या-मेंढ्यांचे दात तपासून. पूर्णेच्या खारपाणपट्ट्याचा हिशेब निराळा ठेवून. हे काम खर्चाचं आहे, पण अवघड नाही.

आणखी एक सावधगिरी. मेळघाटातले कोरकू मुंडा कुळातली भाषा बोलतात. मुंडाभाषकांचा पितृवंश मोठ्या प्रमाणात आग्नेय आशियाशी जुळतो आणि मातृवंश इथला, हे जिवंत माणसांच्या जनुकांवरून आता बरंच स्पष्ट झालं आहे. भामरागडकडचे माडिया आजही मृताच्या स्मृतीला दगड उभा करतात. म्हणून लगेच वर्तुळं बांधणारे ते माडियांचे पूर्वज, असं जोडून टाकायचं नाही. टेलरनं केलं ते हेच होतं: दगड सारखे, म्हणून माणसं सारखी. आणि त्यांच्या पूर्वजांची हाडं कुणी तपासायला निघालं, तर आधी त्यांना विचारायला हवं. शंभर वर्षांपूर्वी बर्लिनच्या कपाटांत वसाहतींतून उचलून आणलेल्या ज्या कवट्या होत्या, त्या कुणाला विचारून आणल्या नव्हत्या.

भारतीय मानववंश सर्वेक्षणानं लखनौच्या बीरबल साहनी संस्थेबरोबर आपल्या साठ्यातल्या सुमारे तीनशे प्राचीन सांगाड्यांच्या डीएनए तपासणीचं काम हाती घेतलं आहे. त्यात हडप्पा, मोहेंजोदडो, लोथल आहे, दक्षिणेकडची मस्की आणि नागार्जुनकोंडाही आहेत. सर्वेक्षणाचं केंद्र नागपुरात आहे. विदर्भातली वर्तुळंही या यादीत यायला हवीत, आणि ती मागणी करायची तर आपणच करायची. कारण वर्तुळं थांबणार नाहीत. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि दर वर्षी आतली हाडं भरडून काढते. वर नांगर, मुरमाची खाण, रस्ता, ले-आउट.

तेव्हा शेतात, खाणीत, पायाच्या खड्ड्यात दगडांचं रिंगण आणि त्याखाली हाड दिसलं, तर एवढं करा: काम थांबवा. हाड धुऊ नका, पुसू नका, उघड्या हातानं उचलू नका. आपल्या बोटांचा आणि घामाचा डीएनए त्यावर बसला की जुना ओळखणं कठीण होतं. हळद-कुंकू वाहायचं असेल तर बाजूच्या दगडाला वाहा. जागेचा फोटो काढा, वर ताडपत्री टाका आणि तहसीलदाराला किंवा पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला कळवा.